सैनिकाचे घर आणि राष्ट्राचे कर्तव्य

धाराशिव जिल्ह्यातील परंडा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना तेथील भुईकोट किल्ल्यामुळे परिचित आहे. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ याच परंड्यात होती. विजापूरच्या बुरुजावर आज पाहावयास मिळणारी ‘मुलूख मैदान’ ही प्रचंड तोफ १६३२ साली परंड्याहूनच तिकडे नेण्यात आली. सैन्य, तोफा आणि छावण्या या गावाला नवीन नाहीत.

आज किल्ल्यात सैन्य नाही. परंतु परंडा, भूम, बार्शी, करमाळा या साऱ्या कोरडवाहू पट्ट्यात सैन्यभरतीची ओढ मात्र आहे. मराठवाड्यातील असंख्य गावांप्रमाणे येथेही पहाटेच्या अंधारात तरुण मुले डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. सोळाशे मीटरचे अंतर किती मिनिटांत कापले, याचा हिशेब ती ठेवतात. त्यांच्यापैकी कोणालाही सरकारने बोलावलेले नाही. भारतात सक्तीची लष्करी सेवा नाही. आपले सैन्य हे स्वेच्छेने भरती झालेल्यांचे सैन्य आहे, आणि ही आपल्या प्रजासत्ताकाची अभिमानास्पद बाब आहे, असे आम्ही मानतो.

तरीही एक प्रश्न आम्हाला अस्वस्थ करतो. ज्या देशांत सैन्यसेवा सक्तीची आहे, त्या बहुतेक देशांच्या कायद्यांत घरची परिस्थिती पाहून सूट देण्याची तरतूद आहे. म्हातारे आईबाप, एकुलता एक मुलगा, लहान लेकरे या कारणांसाठी तिथे माणसाला घरी राहता येते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. तीन एकर कोरडवाहू जमीन, गुडघ्यांनी थकलेला बाप, लग्नाला आलेली बहीण आणि सोसायटीचे कर्ज असे एक घर वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. त्या घरातील एकुलता एक मुलगा सैन्यात जातो, तो घरच्या परिस्थितीमुळेच. तिकडे जी अडचण सुटकेचे कारण ठरते, तीच इकडे भरतीचे कारण ठरते. मग भरती झाल्यावर त्या घराचे काय होते? बाप अंथरुणाला खिळला, तर तो मुलगा कोणाकडे दाद मागणार? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

पवित्र शास्त्राची शिकवण

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम दिले आहेत. आधुनिक वाचकाला त्यांतील काही नियम कठोर वाटतील. परंतु त्या नियमांच्या आरंभीच एक विलक्षण गोष्ट आहे. लढाईपूर्वी अधिकाऱ्यांनी सैन्यापुढे उभे राहून काही जणांना घरी परतण्यास सांगावयाचे आहे. ज्याने नवे घर बांधले पण त्यात अद्याप राहिला नाही, ज्याने द्राक्षमळा लावला पण त्याचे फळ चाखले नाही, ज्याची वाग्दत्त वधू घरी वाट पाहत आहे आणि ज्याचे मन भयाने खचले आहे, अशा चौघांना परतीची मुभा आहे. पुढे चोविसाव्या अध्यायात नवविवाहित पुरुषाला पूर्ण एक वर्ष घरी राहण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याचे कारणही सांगितले आहे. त्याने आपल्या पत्नीला सुख द्यावे.

हे केवळ कागदावरचे नियम नव्हते. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, यहूदा मक्काबी बलाढ्य शत्रूपुढे उभा असताना, माणसांची निकड असतानाही, याच नियमाप्रमाणे लोकांना घरी पाठवतो.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. शास्त्रात सैनिक विनंतीअर्ज करीत नाही. अधिकारी स्वतः पुढे येऊन, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, सवलत जाहीर करतात. ज्याला घरी जायचे आहे त्याला कोणाच्या पाया पडावे लागत नाही, आपल्या घरचे दुःख चारचौघांत उघडे करावे लागत नाही. सवलत ही मेहरबानी नसून नियम आहे, आणि नियम माहीत करून देणे हे अधिकाऱ्याचे काम आहे.

पुढे ज्यू धर्मपंडितांनी या सवलतीला मर्यादा घातली. मिश्ना या त्यांच्या ग्रंथातील मत असे, की ही मुभा राजाने आपल्या इच्छेने पुकारलेल्या युद्धासाठी आहे. अटळ कर्तव्य म्हणून आलेल्या युद्धात नवरदेवानेही आपली खोली सोडून बाहेर पडावे. म्हणजे घर आणि रणांगण यांतील ही ओढाताण फार जुनी आहे, आणि एका वाक्यात ती सुटणारी नाही.

सक्तीच्या देशांत

आमच्या मराठी वाचकांना या विषयाचा एक जवळचा संदर्भ देता येईल. कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्यांना आपल्याकडे ‘शनवार तेली’ म्हणत, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये स्थायिक झाला. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा शहरांत त्यांच्या घरांतून मराठी बोलली गेली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघाले. अलिबाग-पेणच्या खेड्यांत ज्यांच्या पूर्वजांनी घाणे चालवले, त्यांच्या नातवंडांना तिथे अठराव्या वर्षी सक्तीने गणवेश चढवावा लागतो. १९८६ च्या तेथील संरक्षण सेवा कायद्यानुसार विवाहित स्त्री, गर्भवती आणि माता यांना सक्तीच्या सेवेतून सूट आहे. एकुलत्या एका अपत्याला, तसेच ज्याचा भाऊ वा बहीण सेवेत मृत्युमुखी पडली आहे अशा तरुणाला, लढाऊ तुकडीत जायचे असल्यास आईवडिलांची लेखी संमती लागते. ज्याच्या घरची आर्थिक स्थिती बिकट आहे, त्याला घराजवळ नेमणूक, आर्थिक मदत, प्रसंगी सेवेत असताना बाहेर काम करण्याची परवानगीही मिळू शकते. त्या देशाच्या युद्धनीतीविषयी आमची गंभीर मतभिन्नता आहे. परंतु आईच्या सहीशिवाय एकुलता मुलगा आघाडीवर जाऊ शकत नाही, ही तरतूद माणुसकीची आहे, हे मान्य केले पाहिजे.

अमेरिकेत अशा तरतुदीमागे एक हृदयद्रावक घटना आहे. आयोवा राज्यातील सलिव्हन या कॅथलिक कुटुंबातील पाच सख्खे भाऊ एकाच युद्धनौकेवर होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती नौका बुडाली आणि पाचही भाऊ गेले. पुढे १९४८ च्या कायद्यात, घरातील उरलेल्या एकमेव मुलाला सक्तीच्या भरतीतून वगळण्याची तरतूद आली. युक्रेनमध्ये २०२२ पासून देशाच्या अस्तित्वाचे युद्ध चालू झाले. तिथेही अठरा वर्षांखालील तीन वा अधिक मुलांचा सांभाळ करणाऱ्या बापाला सक्तीच्या भरतीतून सूट देण्यात आली. जिथे माणसे कमी पडतात आणि शत्रू दारात उभा असतो, तिथेही कायदा घराकडे पाठ फिरवीत नाही.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात भरतीची सक्ती नसल्याने भरतीतून सूट हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो भरती झाल्यानंतर. येथे आपल्या कायद्याची बाजू न्यायाने मांडली पाहिजे, कारण ती सर्वस्वी निष्ठुर नाही.

१९५० च्या सैन्य अधिनियमात सैनिकाच्या घराला काही संरक्षणे आहेत. कलम २८ प्रमाणे दिवाणी वा महसुली न्यायालयाच्या हुकुमाने सैनिकाच्या वेतनावर जप्ती आणता येत नाही. कलम २९ प्रमाणे कर्जापोटी त्याला अटक करता येत नाही. कलम ३२ प्रमाणे, दाव्यासाठी रजा घेऊन आलेल्या सैनिकाने लष्करी अधिकाऱ्याचा दाखला दिल्यास, त्या रजेच्या काळातच सुनावणी होईल अशी व्यवस्था न्यायालयाने शक्य तोवर करावयाची आहे. याहून जुना १९२५ चा भारतीय सैनिक दावाविषयक अधिनियम आहे. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाच्या पाठीमागे, त्याची बाजू मांडणारे कोणी नसताना, दिवाणी व महसुली प्रकरणात निकाल होऊ नये यासाठी तो केलेला आहे. बांधाच्या आणि वाटणीच्या वादांनी गांजलेल्या आपल्या भागात या तरतुदींचे मोल मोठे आहे. मात्र किती सैनिकांच्या आईबापांना त्या ठाऊक असतील?

घरावर संकट आले तर घराजवळच्या ठाण्यावर अनुकंपा बदली मागता येते. नियमित सैनिकाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा आहे. सैन्य कायमचे सोडायचे असेल तर १९५४ च्या सैन्य नियमांतील तेराव्या नियमानुसार मुदतीपूर्वी स्वतःच्या विनंतीवरून मुक्तता मागता येते. पण तिथे दोन अटी आहेत. विनंती मान्य करणे इष्ट आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली पाहिजे, आणि त्यामुळे पलटणीचे संख्याबळ अवाजवी घटता कामा नये. म्हणजे घरची अडचण हा विचारात घेण्याचा मुद्दा आहे, पण हक्क नाही.

मग नकार मिळाल्यास काय? येथे आम्हाला कायद्यातील खरी उणीव दिसते. सैनिकांना न्याय मिळावा म्हणून २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे एक पीठ मुंबईलाही आहे. परंतु त्याच कायद्यातील ‘सेवाविषयक बाबी’ या शब्दाच्या व्याख्येतून दोन गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत: बदल्या व नेमणुका, आणि कोणत्याही प्रकारची रजा. आजारी आईच्या मुलाला ज्या दोन गोष्टींची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दोन गोष्टी न्यायाधिकरणाच्या उंबरठ्याबाहेर ठेवल्या गेल्या आहेत. आणि रजा संपल्यावर तो पुरेशा कारणाशिवाय घरी थांबला, तर कलम ३९ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा होऊ शकते. आईचे अखेरचे दिवस हे ‘पुरेसे कारण’ आहे की नाही, हे ठरवणारे ती आई ज्यांनी कधी पाहिली नाही असे लोक असतात.

अग्निपथ आणि घर

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, आणि हा प्रश्न अधिक टोकदार झाला. साडेसतरा ते एकवीस या वयातील तरुण चार वर्षांसाठी घेतले जातात. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम केले जाते. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यांतील २१,००० हातात आणि ९,००० निधीत. वर्षाकाठी रजा ३० दिवस. सैन्यातील भरतीसाठी उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षे त्याने लग्न करावयाचे नाही. शास्त्रातील नियमाने नवरदेवाला घरी ठेवले; आजच्या नियमाने नवरदेव होण्यालाच मुदत घातली.

चार वर्षांच्या आत स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडण्यास या योजनेत परवानगी नाही. अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकारी ती देऊ शकतात. तशी ती मिळाली तरी त्या तरुणाला त्याच्या स्वतःच्या वेतनातून साठलेली रक्कम व्याजासह परत मिळते. शासनाचा तितकाच वाटा मिळत नाही. आता आमच्या कल्पनेतील त्या घराकडे पुन्हा पाहा. दुसऱ्या वर्षी बाप वारला, पेरणी तोंडावर आली, आईला कोणी नाही. मुलगा अपवाद म्हणून सुटून आला, तर ज्या पैशांसाठी तो गेला त्यातील अर्धा भाग त्याने गमावलेला असतो. संकटात सापडलेल्या घरालाच येथे दंड बसतो. चार वर्षांची शिस्त, तारुण्य आणि नवे रक्त या योजनेच्या बाजूच्या मुद्द्यांवर तज्ज्ञांनी बोलावे. आमचे म्हणणे एवढेच, की घरच्या मृत्यूमुळे परतणाऱ्या मुलाला आणि कंटाळून परतणाऱ्या मुलाला एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही.

घर ही पळवाट नव्हे

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गांभीर्याने ऐकला पाहिजे. प्रत्येकाच्या घरी अडचण असते. प्रत्येकाला सोडले तर सीमेवर कोण उभा राहील? एकाला मिळालेली सूट म्हणजे दुसऱ्याच्या मुलाची आणखी एक रात्र हिमात. हे खरे आहे. सवलतीचा दुरुपयोगही होतो, खोटे दाखले मिळतात, वजनदार बापाच्या मुलाला जवळची नेमणूक मिळते. ख्रिस्तसभेनेही सैनिकी सेवेला कधी हीन लेखलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ च्या आपल्या दस्तऐवजात, प्रामाणिकपणे सेवा बजावणारे सैनिक लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक आहेत असेच मानले आहे. आणि सदसद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असेही तिथेच म्हटले आहे.

घर ही पळवाट होऊ शकत नाही, हे धन्य फ्रान्झ येगरश्टेटर यांच्या चरित्रातूनही शिकावे. ऑस्ट्रियातील हा शेतकरी, तीन लहान मुलींचा बाप. त्याच्या शेतीसाठी त्याची गावाला गरज आहे, असे गावच्या अधिकाऱ्यांनी कळवल्यामुळे १९४१ साली त्याला सैन्यातून घरी पाठवले गेले. १९४३ च्या आरंभी पुन्हा बोलावणे आले, तेव्हा हिटलरच्या अन्याय्य युद्धात लढण्यास त्याने नकार दिला. पत्नी आणि मुलींचा विचार कर, असे त्याला धर्मगुरूंनीही सांगितले. त्याने विचार केला नाही असे नाही. पण विवेकाची हाक त्याला मोठी वाटली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे त्याला धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा त्याची वृद्ध पत्नी फ्रान्झिस्का समारंभास उपस्थित होती. नवऱ्यामागे तिने एकटीने शेत राखले, मुली वाढवल्या. साक्ष एकाने दिली. तिचा भार एका घराने वाहिला.

म्हणून कोणी जावे आणि कोणी राहावे, एवढाच हा प्रश्न नाही. जो जातो त्याच्या घराचे ओझे कोणी उचलावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

तानाजींच्या कथेचा उत्तरार्ध

आपल्या महाराष्ट्राने हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत आणि पावसाळ्यात छावणीला परतत. मोहिमेचे वेळापत्रक पेरणी-कापणीच्या वेळापत्रकाशी बांधलेले होते, कारण सैनिक हा शेतकरीही होता. १६७० साली तानाजी मालुसरे रायबाचे लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. भाषणांतून, चित्रपटांतून आपण तिचा पूर्वार्ध गर्जून सांगतो. उत्तरार्ध मात्र हळू आवाजात राहतो. परंपरा सांगते, की तानाजी पडल्यावर रायबाचे लग्न महाराजांनी पुढाकार घेऊन लावून दिले. बापाने कर्तव्यासाठी घर मागे ठेवले, तेव्हा राजाने ते घर आपले मानले. या उत्तरार्धाशिवाय पूर्वार्धाला अर्थ नाही. घर विसरण्याचे आवाहन करण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो ते घर लक्षात ठेवणार आहे.

सातारा जिल्ह्यातील ‘मिलिटरी अपशिंगे’ गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. स्तंभ उभारणे योग्यच; पण स्तंभाखाली चूल पेटत नाही.

या विचाराने आम्ही काही सूचना करू इच्छितो. भरती होताना मुलाला व त्याच्या आईवडिलांना, त्यांच्या भाषेत, रजा, अनुकंपा बदली, मुक्तता आणि कोर्टकचेरीतील संरक्षणे यांची माहिती देणे बंधनकारक असावे. अनुवादातील त्या अधिकाऱ्याप्रमाणे, मागण्याआधी. एकुलत्या एक अपत्याची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. आईवडील वा जोडीदाराचा मृत्यू किंवा असाध्य आजार या कारणासाठी नाकारलेल्या बदलीची वा रजेची ठरावीक दिवसांत वरिष्ठ पातळीवर फेरतपासणी व्हावी. आणि अशा कारणासाठी मुक्त झालेल्या अग्निवीराला त्याने केलेल्या सेवेच्या प्रमाणात शासनाचा वाटा मिळावा. यांतील एकाही गोष्टीने सीमा दुबळी होणार नाही. घरची काळजी मिटलेला सैनिक अधिक स्थिर मनाने पहारा देतो, हे कोणताही सुभेदार सांगेल.

आणि सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. आपल्या धर्मग्रामांत, आपल्या गावांत, ज्या घरचा मुलगा सैन्यात आहे त्या घरी आपण किती वेळा जातो? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा अर्ज त्या माउलीला कोण भरून देतो? पेरणीच्या आठवड्यात तिच्या शेतात औत कोण नेतो? पवित्र मिस्सेत आपण सैनिकांसाठी प्रार्थना करतो, ती उंबरठ्याबाहेर पडली पाहिजे.

प्रभू येशूने ‘कुर्बान’ या प्रथेवर कोरडे ओढले, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आपण वाचतो. आईबापांना द्यावयाचे ते देवाला अर्पण केले आहे असे सांगून मुलगा त्यांच्या जबाबदारीतून सुटू शकत नाही, असे प्रभूने बजावले. देवाच्या नावानेही जे कर्तव्य पुसता येत नाही, ते राष्ट्राच्या नावाने कसे पुसता येईल? आणि योहान आपल्याला सांगतो, की क्रुसावर प्राण जात असताना त्या एकुलत्या एका पुत्राने खाली उभ्या असलेल्या आईकडे पाहिले आणि तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवले. जगाच्या तारणाचे कार्य पूर्ण होत असतानाही आईची सोय करावयाची राहिली नाही. त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले.

परंड्याच्या रस्त्यावर उद्याही पहाटे मुले धावतील. त्यांतील काही निवडली जातील, गावात पेढे वाटले जातील, गाडी कुर्डुवाडी स्टेशनाकडे निघेल. मागे दारात एक आई उभी राहील. तिला आपल्या घरी नेणारा शिष्य होण्याची पाळी तेव्हा आपली असेल.